वाचून दाखवलेला कागद

आंधळ्यांवर आपल्या भाषेत जितक्या म्हणी आहेत, तितके आंधळे आमच्या संस्थेतसुद्धा नाहीत. त्यातली ‘आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं’ ही मला सगळ्यात जास्त ऐकवली गेली. ऐकवणारे सगळे डोळस. या म्हणीत आंधळ्याचं काहीच चुकलेलं नाही, तो बिचारा नुसता दळतोय, हे त्यातल्या एकाच्याही कधी लक्षात आलं नाही.

मी जन्मापासूनचा आंधळा. वय एक्केचाळीस. संस्थेच्या कारखान्यात एकोणीस वर्षं वेताच्या खुर्च्या विणतोय आणि मागच्याच वसतिगृहात राहतोय. काम तसं सरळ आहे. लाकडी चौकटीला भोकं असतात, वेताच्या पट्ट्या भिजवून मऊ करायच्या आणि आधी उभ्या, मग आडव्या, मग तिरप्या ओढायच्या. पट्टीची एक बाजू गुळगुळीत, एक खरखरीत. नख लावलं की कळतं. बोटांना घट्टे पडतात, म्हणून डाव्या हाताच्या तर्जनीवर मी चिंधी बांधून काम करतो. ते माझं वाचायचं बोट. त्याला घट्टा पडला तर ब्रेलचे ठिपके लागायचे बंद होतील आणि मग मी खरा आंधळा.

खुर्ची एकटा विणतो, पण बाकाची लांब पाठ असेल तर दोघं लागतात. एक वर बसतो, एक खाली. वरचा पट्टी भोकातून खाली सोडतो, खालचा ती ओढून पुढच्या भोकातून वर देतो. दोघांचा मेळ नसला तर जाळी ढिली पडते. माझ्या खाली बरीच माणसं बसून गेली. कुणी ओढायचं जास्त, कुणी झोपायचं. मग शिट्टी आला.

हे त्याचं आमच्यातलं नाव. काम करताना तो सारखा शीळ घालायचा, आणि तीही बेसूर. त्याला अगदीच दिसत नव्हतं असं नाही. नळीतून पाहावं तेवढं मधलं थोडं दिसायचं, तेही उजेड भरपूर असला तर. कागद नाकाला लावून, भिंग धरून तो छापलेलं काय, हाताने लिहिलेलं काय, वाचायचा. उजेड कमी झाला की तो माझ्याच रांगेत. पण त्या नळीएवढ्या नजरेचा त्याला भारी अभिमान. ठिपक्यांची लिपी शिकवतो म्हटलं तर म्हणायचा, “ठिपके तुला लखलाभ. माझी अजून वेळ आलेली नाही.”

आमचं एकमेकांवर प्रेम होतं. हे सरळ सांगून टाकतो, कारण ते वाकडं करून सांगणारे पुढे बरेच भेटणार आहेत. तीन वर्षं होतं. वरून सोडलेली पट्टी खाली हातात घेताना त्याची बोटं जरा जास्त वेळ थांबायला लागली, आणि एक दिवस मी ती धरून ठेवली. त्याची शीळ बंद पडली. त्या दिवशी आम्ही जे विणलं ते दुसऱ्या दिवशी उसवावं लागलं.

वसतिगृहात खोलीत सहा जण. एकांत म्हणाल तर वेताचं कोठार. तिथे भारे रचलेले, भिजवायची टाकी, ओला वास. भारे आणायला दोघांनी जायची पद्धतच होती. कोठाराची कारखान्याकडची भिंत विटांची, बोळाकडची प्लायवूडची. दार लावलं की आपण आणि वेत. तिथे पाच-दहा मिनिटं मिळायची, आठवड्यातून दोनदा. एवढ्यावर माणसाचं भागतं का, असं कुणी विचारलं तर सांगतो, भागत नाही.

मग दोन दिवस सुट्टी लागली. त्या दोन दिवसांत संस्थेने प्लायवूडचा वरचा अर्धा भाग काढून तिथे काच बसवली. पाहुणे आले की त्यांना बोळातूनच सगळं दिसावं, आत येऊन पाय अडखळू नयेत, म्हणून. खालचं प्लायवूड तसंच ठेवलं. आमचा हात भिंतीला लागतो तो कमरेशी. वर कोण चाचपतो? एकवीस आंधळे तिथे काम करतात. काच बसवली हे त्यांतल्या एकाला सांगावं, असं कुणालाही वाटलं नाही. वाईट हेतूने नव्हे. त्यांना वाटलं, आम्हाला काय फरक पडतो.

सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी आम्ही भारे आणायला गेलो. कोठारात दिवा कायम मिणमिणता, त्यामुळे शिट्टीलाही काही दिसलं नाही. मी त्याचं तोंड दोन्ही हातांत धरून त्याचा मुका घेत होतो, तेव्हा बोळातून पावलं आली. बरीच. व्यवस्थापक साहेबांचा आवाज आला, “आणि हा आमचा कच्चा माल.” मग एकदम शांतता. भिंतीपलीकडे दहा-बारा माणसं मुकाट उभी आणि अलीकडे आम्ही दोघं हसू दाबतोय. शिट्टी माझ्या कानात म्हणाला, “कच्च्या मालाला फारच मान देतायत बुवा.” मी पुन्हा त्याला जवळ ओढलं.

मग कोठाराचं दार उघडलं.

शिट्टीला तेव्हाच वेगळं काढून पाहुण्यांच्या खोलीत बसवलं आणि त्याच्या भावाला बोलावणं धाडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मला कार्यालयात नेलं. तिथे साहेब होते, एक विश्वस्त बाई होत्या, आणि कोपऱ्यात कारकून बाई कळफलकासमोर.

“हे बघ,” साहेब म्हणाले, “तुझी यात चूक नाही हे आम्हाला माहीत आहे. तुला काहीच दिसत नाही. त्याला थोडंफार दिसतं. काय चाललंय ते तुला कळलंच नसणार.”

“मला कळत होतं.”

“घाबरू नकोस. आता तो इथे नाही.”

“साहेब, मला दिसत नाही. बाकी सगळं आहे.”

विश्वस्त बाईंनी चुकचुक केलं. “या लोकांना असलं काही सुचत असेल असं मला वाटलंही नव्हतं,” त्या साहेबांना म्हणाल्या. मी तिथे बसलोय, बहिरा नाही, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

मी म्हटलं, माझं म्हणणं लिहून घ्या. आणि सांगितलं: आमचं तीन वर्षांपासून आहे. पहिल्यांदा हात मी धरला. कुणी कुणावर जबरदस्ती केलेली नाही. काढायचंच असेल तर दोघांना एकत्र काढा. कळा खडखडल्या, यंत्रातून कागद बाहेर आला, आणि कारकून बाईंनी तो मला वाचून दाखवला. शब्दन्‌शब्द माझा. वाचताना त्यांचा आवाज कापत होता. मला वाटलं, माझ्या धीटपणाने त्यांना भरून आलं. माणसाला स्वतःबद्दल काय काय वाटत असतं.

मी अंगठा लावत नाही, सही करतो. संस्थेनेच शिकवली. पुठ्ठ्याच्या पट्टीला मधे खाच असते, ती कागदावर ठेवायची आणि खाचेच्या आत लिहायचं. माझी सही एका ओळीत येते, वर-खाली जात नाही. ती मी केली आणि बाहेर बाकावर येऊन बसलो. पेटी आदल्या रात्रीच भरून ठेवली होती. बाहेर पडलो तर कुठेतरी एक खोली घेऊ, दोघं मिळून खुर्च्या विणू, असं आम्ही शंभरदा बोललो होतो. आता ते करावंच लागणार होतं. खरं सांगतो, मी खुशीत होतो.

थोड्या वेळाने शिट्टीला आत नेलं. दार लागलं. फार वेळ नाही. मग तो बाहेर आला आणि माझ्यासमोर थांबला. त्याच्या डाव्या बुटाचा तळ सुटलेला होता, त्यामुळे चुकायचा प्रश्न नव्हता.

“ती सही तुझी आहे?” त्याने विचारलं.

“माझीच. एका ओळीत आहे ना?”

“कुणी धाक घातला होता का तुला?”

“मला कोण धाक घालणार? मनापासून बोललो. आज परत विचारलं तरी हेच सांगेन.”

मी हात पुढे केला तर हवेतच राहिला. मग त्याच्या भावाचा आवाज आला, “चल आता.” तो बूट फटक फटक करत जिन्यावरून खाली गेला. मी ओरडून सांगितलं, माझी पेटी भरलेली आहे म्हणून. फाटकाची कडी वाजली.

संध्याकाळपर्यंत मी तिथेच बसलो होतो. शेवटी साहेबांनी येऊन माझ्या डोक्यावर हात ठेवला. एक्केचाळीस वर्षांच्या माणसाच्या डोक्यावर. म्हणाले, “जा, जेवून घे. तुला कुणी काढत नाही. तू देवाचं लेकरू.”

मला का काढलं नाही, याचं मी उत्तर शोधत राहिलो. वाटलं, हात चांगला चालतो म्हणून ठेवलं असेल. आणि शिट्टी का गेला? भावाने ओढून नेलं असेल, सुटला की येईल. मी त्याला फोन लावला. दोनदा त्याच्या भावाने उचलला आणि माझा आवाज ऐकून ठेवून दिला. तिसऱ्यांदा फोनमधली बाई सांगायला लागली, हा क्रमांक अस्तित्वात नाही.

इकडे माझ्याच माणसांनी मला वाळीत टाकलं. आंधळ्यांची वाळीत टाकायची पद्धत वेगळी असते. आम्हाला तोंड फिरवून उपयोग नाही. वसतिगृहातून कारखान्यात आम्ही रांगेने जातो, पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून. मी हात ठेवला की खांदा खाली जायचा. माझ्या खांद्यावर तर कुणीच ठेवेना. दोन दिवसांनी चहाच्या कपाच्या कानाला सुतळी बांधलेली हाताला लागली. बाकीच्या कपांना नव्हती. माझा कप कुणाच्या चुकून हाती पडू नये म्हणून ती व्यवस्था. शेजारच्याने खाट भिंतीकडे सरकवली. फरशीवर ओढल्याचा आवाज मी पडल्या पडल्या ऐकला. आणि बाकाच्या कामाला माझ्या खाली बसायला कुणी तयार होईना. साहेबांनी मला नुसत्या खुर्च्या द्यायला सुरुवात केली.

आमच्यात एक काका आहेत, सगळ्यात जुने, रांगेत नेहमी पुढे. त्यांनीच मला वेत धरायला शिकवलं. मी त्यांना म्हटलं, काका, तुम्ही तरी बोला. त्यांनी हातातला वेत खाली ठेवला. मग म्हणाले, “लोक आधीच आपल्याला अर्धं माणूस धरतात. तू आमचं उरलेलं अर्धंही घालवलंस.” रागाने म्हणाले असते तर मी भांडलो असतो. पण ते दमून म्हणाले.

दर महिन्याला माझी ताई मला भेटायला येते. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. लहानपणी हात धरून शाळेत तिनेच नेलं, ठिपक्यांत न मिळणारी पुस्तकं तिनेच वाचून दाखवली. एकदा वाचलेला धडा तिला पाठ व्हायचा. पुस्तक शाळेत राहिलं तरी आमचा अभ्यास अडायचा नाही. आई गेल्यावर माझं जे काही आहे ते ताईच. प्रकरणानंतर ती पहिल्यांदा आली तेव्हा या विषयावर अवाक्षर बोलली नाही. मीही बोललो नाही. तिच्या मुलीचं लग्न जमत होतं, तेच बोलत राहिली.

पुढच्या खेपेला मात्र मला राहवलं नाही. खोलीत आम्ही दोघंच होतो. म्हटलं, “ताई, माझं एक काम कर. कार्यालयातून त्याचा पत्ता काढ. दोन महिने झाले, काही कळत नाही. तो येणार होता.”

“तो कशाला येईल?” ती चिडून म्हणाली. “तूच तर लिहून दिलंस.”

“काय लिहून दिलं?”

ती थांबली. संस्थेने तिला प्रत पाठवली होती, पालक म्हणून, आणि ती तिच्या पिशवीतच होती. मी वाच म्हटलं. ती नको म्हणाली. मी पुन्हा वाच म्हटलं, तेव्हा तिने वाचलं.

“मी पूर्णतः अंध असल्याने सदर इसमाचा हेतू मला समजला नाही. त्याने माझ्या अपंगत्वाचा गैरफायदा घेऊन वेळोवेळी माझ्याशी लगट केली. भीतीपोटी मी वाच्यता केली नाही. त्यास संस्थेतून काढून टाकावे, ही नम्र विनंती. एवढंच आहे, आणि खाली तुझी सही.”

एका ओळीत असणार. मी बाकावर त्याला काय काय सांगितलं होतं ते एकेक करून आठवायला लागलं. माझीच. मनापासून बोललो. परत विचारलं तरी हेच सांगेन. पेटीचं झाकण धरून मी बसून राहिलो. कारकून बाईचा आवाज का कापत होता तेही कळलं. तिने एक कागद छापला होता आणि दुसराच, मनातला, वाचला होता.

“बरंच झालं ना रे,” ताई म्हणाली. “तुझ्यावरचं बालंट गेलं. तू तसला नाहीस हे मला आधीपासून माहीत होतं.”

“मी तसलाच आहे, ताई. शाळेत असल्यापासून.”

तिने प्रत घडी करून पिशवीत ठेवली. मी म्हटलं, “एक पत्र लिहून दे. मी सांगतो तसं. त्याच्या हाती पडलं तर तो नाकाला लावून वाचेल, भावाला कळायच्या आत. बाकी मला आयुष्यात काही नको.”

मग तिने कागद काढला, माझ्या पत्र्याच्या पेटीवर ठेवला आणि म्हणाली, “सांग.”

मी सांगितलं. लिही, त्या कागदावर काय होतं ते मला आज कळलं. मी सांगितलं ते वेगळं होतं आणि मला तेच वाचून दाखवलं. बाकावर तू विचारलंस तेव्हा मी माझ्या शब्दांना हो म्हणालो, त्यांच्या नव्हे. मी दोघांना एकत्र काढा म्हणालो होतो. मी अजून इथेच आहे. तू ये, नाही तर मला बोलाव, मी एकटा काठी घेऊन येईन. असं बरंच सांगितलं. एरवी मी एवढं बोलत नाही.

पत्र्यावर कागद ठेवून लिहिलं की पेन मोठ्याने वाजतं. मी बोलत होतो तेव्हा ते थांबलेलं होतं. मी थांबलो की थोडं चालायचं. शेवटी मी गप्प झालो आणि तेही गप्प झालं. सगळं मिळून दोन ओळींपलीकडे ते गेलं नव्हतं.

“वाच,” मी म्हटलं.

तिने वाचलं. सगळं. एक शब्द गाळला नाही.

मग सहीची पट्टी माझ्या हातात दिली. “कर सही.”

“किती ओळी झाल्या, ताई?”

तिने पेनाला टोपण लावलं.

“मी खूप बोललो. पेन थोडंच वाजलं.”

तेव्हा ती रडायला लागली. आवाज न करता रडत होती, पण पेटी हलत होती. “पोरीचं जमत आलंय रे,” ती म्हणाली. “मुलाकडचे चौकशा करतायत. मामा कसा, काय करतो. तुझ्यासाठी मी काय नाही केलं? एवढं एक सोसवेना मला. मागच्या वेळी कसंबसं निस्तरलं, आता परत...”

“मागच्या वेळी काय निस्तरलंस?”

तिने नाक पुसलं.

“त्याचं पत्र आलं होतं,” ती म्हणाली. “इथे संस्थेत. साहेबांनी ते माझ्याकडे धाडलं.”

“मग?”

“मी उत्तर दिलं.”

“माझ्या नावाने?”

“सही तुझीच आहे. मागच्या खेपेला अंधत्वाच्या प्रमाणपत्राच्या अर्जावर तीन सह्या घेतल्या ना, त्यातला एक कागद तो होता.”

तेव्हा पट्टी तिनेच कागदावर धरली होती. मी विचारलंही नव्हतं कसला अर्ज. ताईला काय विचारायचं?

“त्याने काय लिहिलं होतं?”

“मोठं नव्हतं.”

“ताई.”

“इतकंच, की रागाच्या भरात निघून गेलो, पण आता राहून राहून वाटतं... कागदावर होता तोच मजकूर त्यांनी तुला वाचून दाखवला होता का? तेवढं एक कळव. दुसरा वाचला असेल तर मी तुला न्यायला येतो.”

“आणि मी काय कळवलं?”

“तोच वाचला म्हणून.”

त्यानंतर त्याचं पत्र आलं नाही, असं ताई म्हणते. ते मी खरं धरून चालतो, दुसरं काय करणार.